खणाची खोळ

२२ सप्टेंबर, घटस्थापना

स्पृहाने ही डायरी दिली आहे. रोज निदान एका गोष्टीबद्दल आभार मानून ते इथे लिहायचे, अशी लेकीची आज्ञा. माझा रक्तदाब वाढल्यापासून तिला माझ्या स्वभावाची काळजी लागली आहे. "आई, तू दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधत असतेस," म्हणाली. बाई गं, मी परीक्षा विभागाची प्रमुख आहे. चुका शोधायलाच ठेवलंय मला, आणि तेही डिसेंबरअखेरपर्यंतच. पुढे निवृत्ती.

तरी लिहिते. आजचे आभार: डायरीला रेघा आहेत. बिनरेघांची असती तर माझ्या ओळी उतरत उतरत स्वारगेटला पोचल्या असत्या.

२३ सप्टेंबर

स्पृहा ही डायरी कधीतरी उघडून वाचणारच, तेव्हा तिच्यासाठी जरा ऑफिसचं लिहून ठेवते.

आमची संस्था शाळकरी मुलांची गणिताची परीक्षा घेते, हे तुला ठाऊक आहे. आजवर अर्ज कागदावर यायचे. यंदा कार्यवाह शरच्चंद्र सरांनी सगळं ऑनलाइन करून टाकलं. आता गावोगावच्या मुलांचे अर्ज माझ्या खुर्चीमागच्या कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनमध्ये येऊन पडतात. त्याला सर्व्हर म्हणायचं. माझा, कुसुमचा, सरांचा, सगळ्यांचे कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले. ते झोपलं की ऑफिस झोपलं.

त्याची देखभाल करायला एका कंपनीने नम्रता नावाची मुलगी दिली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी येते. गोंदियाकडची आहे. तिच्याशी कामाचं बोलायचं तर आधी 'तिकीट' टाकायचं, म्हणजे कॉम्प्युटरवर तक्रार लिहायची, मग त्याला नंबर पडतो, मग ती बघणार. समोर बसलेल्या मुलीशी बोलायला तिकीट! मी एकही टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही. माझी तिकिटं कुसुम टाकते. ती डेटा एंट्रीला आहे, तिला असल्या गोष्टींचा उत्साह आहे.

आज ती मुलगी तापाने फणफणलेली होती, तरी आली. रजा का नाही घेतलीस विचारलं, तर म्हणाली, "ट्रायलवर आहे मॅडम. इथला रिपोर्ट चांगला गेला तर कंपनी पर्मनंट करते. नाही तर बाबा म्हणून राहिले, घरी ये वापस, स्थळं पाहू." मी माझ्या डब्यातला मऊ भात आणि मेतकूट तिच्यापुढे ठेवलं. खाता खाता तिचे डोळे भरून आले. यंदा मेतकुटात मिरची जरा जास्तच झाली आहे.

आजचे आभार: डब्यात आज भात होता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा. स्टेपलरपासून झेरॉक्सपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. कुसुमने उत्साहाने माउसलाही कुंकू लावलं, आता तिचं बोट दिवसभर लाल.

पण आजचा मान मोठ्या मशीनचा. ते आल्यापासून मला एक गोष्ट खटकत होती. घरात मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर विणलेला रुमाल, आणि इथे पोरांच्या अर्जांनी भरलेलं मशीन उघडंबोडकं धूळ खात बसलेलं. म्हणून गेले पंधरा-वीस दिवस घरी जमेल तसा वेळ काढून त्याला खोळ शिवली. ओटीत मिळालेले खण कपाटात पडून होते, त्यातले हिरवे आणि जांभळे निवडून जोडले. आतून जुन्या गोधडीचं जाड अस्तर. खाली इलॅस्टिक, म्हणजे मुंगीलाही वाट नको. समोर जरीचा काठ.

मशीनवर चढवली तेव्हा इतकी नेमकी बसली की माझं मलाच कौतुक वाटलं. सर चष्मा वर करून म्हणाले, "सुहासिनीबाई, मशीनचं लग्न आहे का?" त्यांच्याकडून ही स्तुतीच समजायची.

मी आता थोड्याच दिवसांची इथे. मागे काहीतरी माझ्या हातचं राहील. आजचे आभार त्या सगळ्या बायकांचे, ज्यांनी वर्षानुवर्षं माझी ओटी भरली.

७ ऑक्टोबर

काहीतरी बिनसलंय. दसऱ्यानंतर शनिवारी ऑफिस उघडलं आणि दुपारी जेवणं आटोपतायत तोच मोठं मशीन आपोआप बंद पडलं. काल पुन्हा तेच, तेही दोनदा. सकाळी अगदी शहाण्यासारखं चालतं, ऊन चढलं की मान टाकतं. पुण्यात ऑक्टोबरमध्ये माणसांचीही तीच गत होते म्हणा.

कुसुमने तिकीट टाकलं होतं. आज नम्रता आली. ती यायच्या आधी मी खोळ काढून घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. ही मुलगी मशीन उघडते, आतली धूळ काढते, हात काळे होतात. खणाला एकदा डाग पडला की जात नाही.

तिने मशीन तपासलं, दुपारपर्यंत समोर बसून राहिली. तेवढ्या वेळात ते एकदाही बंद पडलं नाही! डॉक्टरसमोर ठणठणीत होणाऱ्या पेशंटसारखं.

"मॅडम, हे गरम होऊन बंद होऊन राहिलं असं दिसते. याच्याजवळ चहाची शेगडी, हीटर, असं काही ठेवता का?"

"ऑफिस आहे हे. उपाहारगृह नाही."

"ऊन येते का याच्यावर?"

"कोपऱ्यात कुठलं ऊन?"

"मग काहून होते..." असं पुटपुटत तिने डोकं खाजवलं. ती गेली आणि मी खोळ परत चढवली. तिची धूळ उडाली होती ना इकडेतिकडे.

आभार: कुसुमने आज सगळ्यांसाठी मंडईतले पेरू आणले होते. तिखटमीठ लावून खाल्ले.

१० ऑक्टोबर

आज तिने मशीनला नवा पंखा बसवला. मी खोळ सकाळीच काढून ठेवली होती. ती असेपर्यंत मशीन गाय. ती गेली, मी आवराआवर केली, सगळं झाकलं, आणि तासाभरात मशीन ठप्प. नवा पंखा बसवून! म्हणजे या मुलीला कामच येत नाही, दुसरं काय? कोंडीराम शिपाईसुद्धा म्हणाला, "ताई, ही पोरगी हात लावून गेली की मशीन बिघडतंया." मला त्याचं म्हणणं पटलं. प्रत्येक वेळी तसंच झालंय.

दरम्यान सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेचे अर्ज अर्धेच चढले आणि मशीन बंद. त्या मुख्याध्यापिका फोनवर माझ्यावर तोंडसुख घेत होत्या. दिवाळीनंतर हॉलतिकिटं निघायला हवीत. मुलांनी महिनोन्महिने तयारी केलेली असते. माझ्या सगळ्या नोकरीत एकही मूल हॉलतिकिटाविना परीक्षेला मुकलेलं नाही. शेवटच्या वर्षी मुकणार की काय, या विचाराने जेवणही गेलं नाही.

आभार मानायचं आज मनात नाही. स्पृहा, रागावू नकोस. बरं, गोळीचे आभार. सापडली वेळेवर.

१४ ऑक्टोबर

सरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, नेमकं होतंय काय. आणि मग सुरू झालं. कुसुम म्हणाली वायरिंग. कोंडीराम म्हणाला मशीनच डुप्लिकेट असंल. मी म्हटलं, देखभाल नीट नाही. मग नम्रता म्हणाली, "सर, मी असते तेव्हा मशीन एकदाही बंद नाही पडत. मी गेली की पडते. म्हणजे इथलंच कुणी काहीतरी करून राहिलं."

"म्हणजे कुणी?" मी विचारलं.

"मला नाही माहीत मॅडम. पण युजरचीच चूक आहे. मशीनमध्ये काही नाही."

युजर म्हणजे आम्ही. इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी केल्यावर मला पदवी मिळाली, युजर. आणि वर चूकही माझीच! माझ्या कानशिलात ठणकायला लागलं. मी तिला म्हटलं, "तुझ्या तिकिटांच्या चळतीत तोंड लपवून दुसऱ्यांकडे बोट दाखवायला काही लागत नाही." तिचा चेहरा पडला. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

आभार: सरांनी चहा मागवला. चहा आला की आमच्याकडे भांडण थांबतं, कारण कप ठेवायला फायली हलवाव्या लागतात.

१७ ऑक्टोबर

आज वसुबारस. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी एक काम उरकलं. सरांकडे लेखी तक्रार दिली: सदर कर्मचारी अकुशल असून स्वतःच्या उणिवा झाकण्यासाठी ज्येष्ठ सहकाऱ्यांवर दोषारोप करते, सबब तिच्या जागी अनुभवी व्यक्ती द्यावी. सरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "हे कंपनीला पाठवायचं नक्की? तिच्या पर्मनंटचं काहीतरी चाललं होतं ना?"

मी म्हटलं, "हॉलतिकिटांचं काय ते बोला."

ते म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीनंतर पाठवतो."

नम्रता जाताना माझ्या टेबलाशी आली होती. दिवाळीला गावी जाणार नाही म्हणाली, कारण पुढच्या शुक्रवारीही ड्युटी आहे. मग "हॅपी दिवाळी मॅडम" म्हणून थांबून राहिली. मी मान हलवली. तक्रारीचा कागद अजून पर्समध्येच असल्यासारखी पर्स घट्ट धरून बसले होते, कशाला कोण जाणे.

आभार: चकल्या कुरकुरीत झाल्या.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

स्पृहा आणि जावई आले होते. आभार मानायला आज शोधावं लागलं नाही. घर भरलेलं होतं. पूजेला बसताना ऑफिसातलं मशीन आठवलं, त्याच्यासाठीही हात जोडले. सोलापूरची ती पोरं आठवली.

२५ ऑक्टोबर

काल भावाकडे होते म्हणून रजा टाकली होती. आज कुसुमने कालचा वृत्तान्त दिला. नम्रता आली होती. मी नसल्यामुळे खोळ मशीनवरच होती. ती बघून बराच वेळ नुसती उभी राहिली म्हणे. मग कुसुमला विचारलं, "ही कुणी शिवली?" कुसुमने सांगितलं, सुहासिनीताईंनी, किती दिवस खपून, ओटीचे खण जोडून. "किती छान शिवली," असं म्हणाली आणि खोळीवरून हात फिरवला. निदान चांगलं काम ओळखण्याइतकी अक्कल आहे.

नंतर कुसुमकडून सुई-दोरा मागून घेतला आणि कोपऱ्यात पाठ करून बसली दुपारभर. ड्रेस उसवला असेल. मुली आजकाल पर्समध्ये चार्जर ठेवतात, सुई-दोरा ठेवत नाहीत.

आभार: कुसुमच्या ड्रॉवरात सगळ्या रंगांचा दोरा असतो. हिरवासुद्धा.

२८ ऑक्टोबर

मशीन काल दिवसभर चाललं. आज दिवसभर चाललं. ऊन तेवढंच आहे. लक्ष्मीपूजनाला हात जोडले ते कामी आले म्हणायचे. शिवाय सरांनी सुट्टीत वायरमन बोलावून स्विच बोर्ड बदलून घेतला आहे. मी म्हणतच होते वायरिंग आहे म्हणून. (कुसुम म्हणत होती. पण मी नाही म्हटलेलं नव्हतं.)

नम्रता आज नेहमीपेक्षा लवकर आली. मी खोळ काढायला उठले तर म्हणाली, "राहू द्या मॅडम, आज उघडायची नाही मशीन. असू द्या तशीच. चांगली दिसते." मला बरं वाटलं. तिची बॅग मात्र अगदीच कळकट झाली आहे, बाजूचे पाण्याच्या बाटलीचे कप्पेच गायब. बाटली हातात घेऊन हिंडते. कप्पा फाटला तर शिवून घेता येत नाही का? परवा तर सुई-दोरा घेऊन बसली होती.

आभार: देवाचे, आणि वायरमनचे.

३१ ऑक्टोबर

नम्रताचा लेखी रिपोर्ट आला. सरांनी मला वाचायला दिला. दोन ओळी आहेत. "मशीनला हवा खेळती राहण्याची सोय केली आहे. वापरणाऱ्यांची कोणतीही चूक नव्हती." मी सरांना म्हटलं, वा, म्हणजे चौदा तारखेला माझी चूक होती आणि एकतीसला नाही. उपकारच झाले. सर म्हणाले, "तुमचं पत्र मी पाठवलंय. आता कशाला उगाळताय?"

मशीन चालतंय. सोलापूरचे सगळे अर्ज चढले. मुख्याध्यापिकांनी स्वतः फोन करून आभार मानले. त्यांचे आभार मी इथे मानते. अशा फोनची सवय नाही आम्हांला.

४ नोव्हेंबर

नम्रताने आज सांगितलं की हा तिचा शेवटचा दिवस. कंपनीने बोलावून घेतलं, ट्रायल संपली म्हणाले. पर्मनंट नाही. गावी जाणार.

"दुसरं काहीतरी मिळेल," म्हटलं. ती म्हणाली, "हाव," म्हणजे हो. मग मोठ्या मशीनकडे बघून म्हणाली, "हॉलतिकिटं निघून जातील मॅडम. काळजी नका करू. आता नाही बंद पडत हे." इतकी खात्री कशी काय, असं मनात आलं. वायरिंग तर दुसऱ्याने केलंय.

वाकून नमस्कार केला तिने मला. मी डब्यातली नारळाची वडी दिली. बाटली एका हातात, वडी दुसऱ्या हातात, अशी गेली. आज जेवणानंतर चैन पडेना. ऊन बाधलं असेल.

११ नोव्हेंबर

तिच्या जागी अर्णव नावाचा मुलगा आला. अनुभवी आहे. कानात इअरफोनची बोंडं घालून असतो, काही विचारलं तर एक बोंड काढतो आणि म्हणतो, "तिकीट टाकलंय का?" मी मागितलेली अनुभवी व्यक्ती ती हीच.

आभार: अजून काही बिघडलेलं नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलायची वेळ येत नाही.

१४ नोव्हेंबर

हॉलतिकिटं निघाली! सकाळपासून प्रिंटर चालू, मशीन चालू, कुठे अडलं नाही. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंतची पोरं एका मागून एक कागदावर येत होती. एकाचं नाव शौर्यवर्धन, रकान्यात मावेना. कोंडीराम गठ्ठे बांधताना गुणगुणत होता. सरांनी सगळ्यांना पेढे दिले आणि मला म्हणाले, "शेवटच्या वर्षीही रेकॉर्ड मोडू दिलं नाहीत." माझे डोळे पाणावले. आज आभार इतके आहेत की पान पुरणार नाही.

खोळीवर गठ्ठ्यांचा चुरा पडलाय. घरी आणली आहे, उद्या धुते.

१५ नोव्हेंबर

कुठून सुरुवात करू?

खोळ भिजवण्याआधी उलटी केली. मागची बाजू, जी कायम भिंतीकडे असते, तिथला खण नाहीच. जवळजवळ सगळी पाठ चौकोनी कापून काढलेली, आणि तिथे काळी जाळी लावलेली. समोर जरीच्या काठाखालीही तशीच जाळीची पट्टी, काठाच्या चुणीत अशी दडवलेली की वरून दिसूच नये. खालचं इलॅस्टिक काढून टाकलेलं. आतलं गोधडीचं अस्तर सगळं उसवून काढलेलं. आणि चारी बाजूंनी हिरव्या दोऱ्याने हातशिलाई, इतकी बारीक की मी चष्मा काढून जवळ धरली तेव्हा टाके दिसले.

आधी राग आला. माझी खोळ कापली! मग जाळीच्या कडेला एक काळी लवचीक पट्टी दिसली. बाटलीच्या कप्प्याला असते ना, तशी. आणि मी पलंगावर बसले.

तिच्या बॅगेचे कप्पे.

मग सगळं धडाधड आठवत गेलं. खंडेनवमीला मी खोळ चढवली. मशीन त्यानंतरच बंद पडायला लागलं. नम्रता यायची तेव्हा मी खोळ काढून ठेवत होते, म्हणून तिच्यापुढे ते ठणठणीत. ती गेली की मी पुन्हा चढवत होते. भर ऑक्टोबरात गोधडी पांघरून कुणाला बसवलं तर तोही मान टाकेल. आणि ती विचारत होती, जवळ काही ठेवता का? मी म्हणत होते, नाही. मला खरंच वाटत होतं की नाही.

ती 'युजरची चूक' म्हणाली होती ते खरं होतं. मग चूक कुणाची हे तिला मी रजेवर होते त्या शुक्रवारी पुरतं कळलं, तेव्हा तिने लिहिलं की चूक कुणाचीच नव्हती. खोळ नुसती काढून फेकली असती तरी मशीन चाललं असतं. सरांना दाखवली असती तर तिची नोकरी वाचली असती. ती दुपारभर माझी खोळ शिवत बसली.

मी तिच्याबद्दल लिहिलेला 'अकुशल' हा शब्द आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. लाज वाटते. आणि लाजेच्याही वर आणखी काहीतरी वाटतं, ते असं, की माझ्या हातच्या वस्तूला इतक्या मायेने कुणी हात लावला नव्हता. रडले. स्पृहाचा फोन आला तो घेतला नाही.

१७ नोव्हेंबर

ऑफिस उघडताच खोळ घेऊन सरांच्या टेबलावर पसरली आणि सगळं सांगितलं. त्यांनी जाळीतून बोट आरपार घालून पाहिलं.

"आपण सर्व्हरला दुलई शिवलीत," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी मशीनचं लग्न आहे का म्हणून विचारलं. मलाही कळायला हवं होतं." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आपलं पत्र फार उत्तम मराठीत होतं, सुहासिनीबाई. कंपनीला एकदा वाचूनच पटलं."

मी म्हटलं, "आता दुसरं लिहिते. त्याहून चांगलं."

लिहिलं. माझी चूक, तिची शिलाई, सगळं. खाली सही केली, सरांनीही केली आणि लगेच कंपनीला मेल केलं. फोनवर साहेब म्हणाले, फाइल वर गेली आहे, बघतो. या 'बघतो'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे, मी स्वतः आयुष्यभर तो वापरला आहे.

नम्रताला फोन लावला तर नंबर बंद. अर्णवने दोन्ही बोंडं काढून ऐकून घेतलं, हे सांगायला हवं. म्हणाला, "काकू, ते कंपनीचं सिम होतं, तिनं सरेंडर केलं. पण तिचं लॉगिन अजून अ‍ॅक्टिव्ह आहे. तिच्या नावानं तिकीट टाका. तिनं उघडलं तर दिसेल."

"तिकीट?"

"दुसरा काही ऑप्शन नाहीये."

कुसुम म्हणाली, मी टाकते. मी नको म्हटलं.

१८ नोव्हेंबर

माझ्या आयुष्यातलं पहिलं तिकीट. लिहायला अख्खी सकाळ गेली. तक्रारीचा प्रकार निवडा: प्रिंटर, इंटरनेट, पासवर्ड, इतर. 'इतर' निवडलं. तातडी: कमी, मध्यम, जास्त. 'जास्त' निवडलं. मग तपशील. हे लिहिलं, इथेही उतरवून ठेवते:

"नम्रता, खोळ मी धुवायला काढली. सगळं पाहिलं. मशीन माझ्यामुळे बंद पडत होतं आणि मी तुझ्याबद्दल वाईट लिहून दिलं, म्हणून तुझी नोकरी गेली. सरांना आणि कंपनीला खरं काय ते कळवलं आहे, ते काय करतील ते मला ठाऊक नाही. हॉलतिकिटं निघाली. सगळ्या मुलांची. तू शिवलेले टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत. इतकं करूनही तू मला सांगितलं का नाहीस? सुहासिनी."

बटण दाबलं. लगेच उत्तर आलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." तक्रार नाही हो ती, असं त्या कॉम्प्युटरला कोण सांगणार?

आभार: अर्णवचे. आज त्याने मला लॉगिन करायला शिकवलं आणि एकदाही उसासा टाकला नाही.

२० नोव्हेंबर

तिकिटाची स्थिती: उघडं. आज पाच-सहा वेळा बघून झालं. कुसुम हसते. हसू दे.

खोळ धुऊन, इस्त्री करून मशीनवर चढवली, तिने ठेवली तशीच. आता मागे हात लावून पाहते, गरम वारा बाहेर येत असतो.

२१ नोव्हेंबर

उत्तर आलं! कुसुमला मोठ्याने वाचायला लावलं, कारण माझा चष्मा धूसर झाला होता.

"मॅडम, तुम्ही तिकीट टाकलं हे पाहूनच मला हसू आलं. सांगितलं नाही कारण तुमचं शेवटचं वर्ष आहे, सगळे तुम्हांला हसले असते. आणि इतकी मेहनतीची वस्तू काढून फेका असं माझ्याच्यानं बोलवलं नसतं. मी पण न पाहता तुमच्यावर बोट दाखवलं होतं, ते चुकलं. तापात तुम्ही भात दिला होता, त्या दिवशी मला घरची फार आठवण येऊन राहिली होती. काल कंपनीचा फोन आला. बाबांनीच उचलला. तुमचं पत्र साहेबांनी त्यांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, जा बापा वापस. पर्मनंटचं लेटर मेलवर आलं. मंगळवारी येते. मेतकूट ठेवा. हे तिकीट मी बंद नाही करत, राहू द्या उघडं. नम्रता."

म्हणजे मेतकुटात मिरची जास्त झाली नव्हती.

कोंडीरामला पेढे आणायला पाठवलं. सरांनी बातमी ऐकून नुसतं "बरं झालं" म्हटलं आणि चष्मा पुसत बसले. अर्णव म्हणाला त्याला आता दुसरीकडे पाठवतील, तर मी त्यालाही दोन पेढे जास्त दिले.

स्पृहा, आज आभार कुणाचे ते वेगळं लिहीत नाही, कळलंच असेल तुला. संध्याकाळी तुळशीबागेत जाऊन काळी जाळी आणली, चांगली मजबूत. मंगळवारी नम्रता आली की तिची बॅग मागून घेणार आहे. दोन्ही बाजूंना बाटलीचे कप्पे लावून देते. आत अस्तर घालणार नाही.